घाटाचा चढ आणि बैलाचा दम

काष्टीच्या बाजारात शर्यतीसाठी खोंड पाहायला आलेला जाणकार आधी त्याचा खालचा ओठ दाबून दात मोजतो. त्यावरून वय ठरते: आदत, दुसा, चौसा, सहादाती, जुळलेला. बैलाचे पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात असतात, एकूण आठ. दुधाच्या दातांची पहिली जोडी साधारण दुसऱ्या वर्षी पडते आणि चार-पाच वर्षांत आठही दात पक्के होतात. श्रीगोंदा तालुक्यात, घोड नदीपलीकडच्या शिरूरमध्ये आणि वर खेड-जुन्नरपर्यंत बैलगाडा शौकिनांना हे शास्त्र तोंडपाठ असते.

इटलीत मोंझाची मोटार शर्यतीची धावपट्टी १९२२ साली बांधली गेली. फेरारीसाठी तिथे लोटणारी गर्दी जगप्रसिद्ध आहे. आपल्याकडे तसाच जीव घाटावर, म्हणजे बैलगाडा शर्यतीच्या धावपट्टीवर, जडलेला असतो. मोंझा मात्र जवळजवळ सपाट आहे, तर घाट चढाचा. बारीचे, म्हणजे गाड्याच्या एका धावेचे, सगळे भौतिकशास्त्र या चढात आहे.

समजा, ४०० किलो वजनाचा बैल १०० मीटर अंतर १२ सेकंदांत कापतो. म्हणजे सरासरी वेग ताशी ३० किलोमीटर. एवढा वेग घ्यायला सुमारे १४ किलोज्यूल ऊर्जा लागते. तेवढ्या अंतरात चढ ५ मीटरचा असेल, तर नुसते वर जायला जवळपास २० किलोज्यूल लागतात. वेगापेक्षा चढच महाग पडतो. दोन्ही मिळून एका बैलाची शक्ती पावणेचार अश्वशक्तीच्या घरात जाते. गाड्याचे वजन आणि मातीचे घर्षण याशिवाय. हाच चढ पुढे ब्रेकचेही काम करतो. त्या वेगातला बैल शेवटच्या निशाणापुढे जोर न लावता सुटला, तर साडेतीन मीटर उंची चढेपर्यंत गुरुत्वाकर्षणच त्याला थांबवते. म्हणून निशाणानंतरचा मोकळा चढ हा घाटाचा सर्वांत मोलाचा भाग आहे.

निकाल लागतो सेकंदाच्या शंभराव्या भागावर. तेवढ्या वेळात बैल जेमतेम आठ सेंटीमीटर पुढे सरकतो. डोळ्यांनी पाहून हाताने घड्याळ दाबायला मात्र माणसाला सेकंदाचा पाचवा भाग लागतो, म्हणजे तेवढ्यात दीड मीटरहून जास्त अंतर निघून जाते. विजेवर आपोआप सुरू-बंद होणारे घड्याळ आले की वादाला फारशी जागा उरत नाही.

घड्याळ थांबते, पण बैलाच्या शरीराची शर्यत चालूच राहते. पहिल्या काही सेकंदांची ऊर्जा स्नायूंत साठलेल्या रसायनांतून येते आणि पुढची प्राणवायूशिवाय साखर मोडून. हे उसने नंतर श्वासांतून फेडावे लागते. म्हणून खरी धाप बारी संपल्यावर लागते. या धावपळीत अंगही तापते. खिलार जातीचा बैल उष्णतेच्या बाबतीत भाग्यवान आहे. त्याचे पांढुरके, आखूड केस ऊन परतवतात. पण चैत्र-वैशाखातल्या जत्रेत हवाच तापलेली असते, तेव्हा या देणगीलाही मर्यादा पडते.

बैलाची शरीररचना शर्यतीसाठी नाही, हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी मान्य केला आणि शर्यती थांबल्या. १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने शर्यतींना मुभा देणारा महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. चाबूक, काठी, विजेचा झटका यांना बंदी आहे.

हा कायदा टिकवणे आता शौकिनांच्याच हातात आहे. त्यासाठी बैलाच्या श्वासाकडे लक्ष हवे. निवांत उभ्या बैलाचे श्वास मिनिटाला १० ते ३० असतात. बरगडीमागची कूस हलताना पाहून ते कुणालाही मोजता येतात. बारीनंतर बराच वेळ गेला तरी ते खाली येत नसतील, किंवा बैल तोंड उघडून धापत असेल, तर त्याला त्या दिवशी पुन्हा जुंपू नये. प्रत्येक घाटावर घड्याळाशेजारी पशुवैद्य आणि तापमापक असावा आणि बारीच्या सेकंदांसारखाच बैलाचा श्वासही लाऊडस्पीकरवरून पुकारला जावा. दात पाहून वय सांगणाऱ्या शौकिनांना श्वास मोजणे मुळीच अवघड नाही.