लावणीच्या दिवसांतला ताप अंगावर काढू नका!

आर्द्रा लागली की अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातला माणूस सकाळी खाचरात उतरतो तो दिवेलागणीलाच बाहेर येतो. पायांना भेगा, बोटांच्या बेचक्यांत चिखल्या. कामाच्या गडबडीत तिकडे पाहतो कोण? पण लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे आपण ज्याला ‘लेप्टो’ म्हणतो, त्याचा जंतू शिरतो तो याच वाटेने. तेव्हा नेहमी विचारले जाणारे चार प्रश्न समजून घ्या.

हा रोग येतो कोठून? उंदीर, घुशी, कुत्री, डुकरे आणि गुरे यांच्या मुतातून. ते पाण्यात, चिखलात मिसळते आणि जखमेतून किंवा डोळ्या-तोंडातून जंतू अंगात जातो. पुरात धोका वाढतो. २६ जुलै २००५ च्या प्रलयानंतर मुंबईत लेप्टोने अनेक बळी घेतले. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदी फुगली आणि बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस हजारभर प्रवाशांसह अडकली, हे आपण पाहिलेच. असे पाणी घरातून-गोठ्यातून फिरून गेले की पुढचे महिनाभर सावध राहावे.

ओळखावा कसा? पाण्यात वावरल्यावर बहुधा आठ-पंधरा दिवसांत थंडी वाजून ताप, कपाळ फुटेल अशी डोकेदुखी, पोटऱ्यांत मरणाच्या कळा, लाल डोळे. पुढे कावीळ, लघवी कमी होणे, धाप लागणे, थुंकीतून रक्त. इथवर गेले तर जीव धोक्यात!

कावीळ दिसली तर झाडपाला चालेल का? नाही. लेप्टोची कावीळ मूत्रपिंडेही निकामी करते. मुळीवर चार दिवस घालवले तर माणूस हातचा जातो. दुकानातून अंगदुखीच्या गोळ्याही मनाने घेऊ नका. सुरुवातीलाच साध्या प्रतिजैविकांनी बहुतेक रोगी बरे होतात. प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. डॉक्टरांनी सांगितल्यास उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय आहे. ‘मी चिखलात काम करतो’ हे डॉक्टरांना आपणहून सांगा. ते कळल्याशिवाय त्यांचे लक्ष लेप्टोकडे जाईलच असे नाही.

टाळावा कसा? गमबूट खाचरात रुततात, हे खरे. पण गोठा साफ करताना, साचलेल्या पाण्यातून जाताना ते जरूर घाला. जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावा. काम संपताच हातपाय साबणाने धुवा. पुराच्या पाण्यात वावरलेल्यांना डॉक्सिसायक्लिनची गोळी देतात, पण ती डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावी. गरोदर बायांना आणि लहान मुलांना ती सहसा देत नाहीत.

ग्रामपंचायतींनीही हात बांधून बसू नये. उंदीर एकाच शेतात मारून भागत नाही, ते शेजारच्या बांधावर जातात. म्हणून पेरणीआधी सगळ्या गावाने एकाच वेळी मोहीम घ्यावी. उकिरडे गावाबाहेर न्यावेत, गटारे वाहती ठेवावीत, विहिरीत टीसीएल पावडर वेळेवर पडते की नाही हे ग्रामपंचायत अधिकाऱ्याने पाहावे. एकाच पाड्यात दोन-तीन तापकरी निघाले तर आशाताईंमार्फत त्याच दिवशी आरोग्य केंद्राला कळवावे.

लावणी दोन दिवस लांबली तर शेजारीपाजारी सावडीने उरकून देतील. घरचा कर्ता गेला तर ती खाच कोणतेही पीक भरून काढत नाही. म्हणून ताप आला की आधी दवाखाना, मग खाचर!