माझ्याकडे अकरा, दादाकडे एकशे वीस

ऑफिसातला ऑर्ग चार्ट आणि फौजेतला ऑर्ग चार्ट यांत फरक काय? सुट्टीवर आलेल्या मेजरला एका टीम लीडने विचारलेले प्रश्न.

दादा सुट्टीवर आला की आत्याकडे शनिवारचं जेवण ठरलेलं. दादा म्हणजे माझा आतेभाऊ, इन्फन्ट्रीत मेजर. यंदा मी नेहमीप्रमाणे उशिरा पोचले, नेहमीप्रमाणे कानात हेडसेट आणि नेहमीप्रमाणे पहिल्या घासाबरोबर रडगाणं सुरू. हिंजवडीचं ट्रॅफिक, क्लायंटच्या रात्री-अपरात्रीच्या कॉल्स आणि त्यात माझ्या अकरा जणांच्या टीममधल्या सगळ्यात हुशार पोराने पेपर टाकलेले.

पेपर टाकणं आपल्याला नवीन नाही. मला लागलं ते वेगळंच. त्याने जाताना सांगितलं, की आठ महिने त्याच्या वडिलांचं डायलिसिस चालू होतं, आठवड्यातून तीनदा, सोलापूरला. आणि मी त्याला ‘वीकेंडला जरा पुश कर ना’ असे मेल टाकत होते.

‘तुला माहीत नव्हतं?’ दादाने विचारलं. टोमणा नव्हता, त्याला खरंच आश्चर्य वाटलं होतं.

मी चिडले. ‘तुझ्याकडे किती माणसं आहेत?’

‘कंपनी आहे. एकशे वीसच्या आसपास.’

‘आणि तुला सगळ्यांच्या घरचं माहीत असतं?’

‘सगळ्यांचं नाही. पण ज्याला माहीत असायला हवं, त्याला माहीत असतं. आणि ते माझ्यापर्यंत पोचतं.’

शेंगदाण्यांची फौज

मग त्याने वाटीतले शेंगदाणे ताटाशेजारी मांडायला घेतले. दहा शेंगदाणे म्हणजे एक सेक्शन. साधारण दहा जवान, त्यांचा कमांडर हवालदार किंवा नाईक. हे दहा जण एकत्र खातात, एकत्र झोपतात, एकत्र पहारा देतात. कोणाच्या घरून फोन आला नाही, कोण दोन दिवस नीट जेवत नाहीये, हे सेक्शन कमांडरला न विचारता कळतं.

असे तीन सेक्शन मिळून एक प्लॅटून. तीन प्लॅटून मिळून एक रायफल कंपनी, ती दादाची. चार रायफल कंपन्या, शिवाय मोर्टारसारखी जड हत्यारं सांभाळणारी सपोर्ट कंपनी आणि हेडक्वार्टर कंपनी, अशी मिळून बटालियन. साधारण आठशे माणसं, प्रमुख कर्नल. हिलाच जवान ‘पलटण’ म्हणतात आणि फौजी माणसाचं खरं घर तेच. तीन बटालियन म्हणजे ब्रिगेड, वर ब्रिगेडिअर. तीन-चार ब्रिगेड म्हणजे डिव्हिजन, मेजर जनरलकडे. काही डिव्हिजन मिळून कोअर आणि त्याच्या वर कमांड. दोन्हीकडे लेफ्टनंट जनरल.

‘आता बघ,’ दादा म्हणाला, ‘जनरल असो नाहीतर हवालदार, प्रत्येकाच्या हाताखाली थेट किती जण येतात?’

मी मोजले. तीन. कुठे चार, कुठे पाच.

‘गोळीबार चालू असताना माणसाला तीन-चार जणांपेक्षा जास्त लोकांवर धड लक्ष ठेवता येत नाही. मी एकशे वीस जणांशी बोलतच नाही. तीन प्लॅटून कमांडरांशी बोलतो. तू अकरा जणांशी एकटी बोलतेस. तुझं डोकं फिरणारच!’

काय फंडा आहे बघा. आम्ही ‘फ्लॅट ऑर्गनायझेशन’ म्हणून ज्याचं कौतुक करतो, त्यात माझ्या आणि त्या पोराच्या मध्ये कोणी नव्हतं. म्हणजे त्याच्या जवळही कोणी नव्हतं.

सुभेदार साहेब

आपल्या फौजेत एक भन्नाट गोष्ट आहे. ऑफिसर आणि जवान यांच्या मधला एक वर्ग, जेसीओ. नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर. हे लोक जवान म्हणून भरती होतात आणि वीस-पंचवीस वर्षं घासून तिथे पोचतात. प्लॅटून बहुतेक वेळा त्यांच्याच हाती असते. दादा बावीसाव्या वर्षी लेफ्टनंट होऊन पलटणीत गेला, तेव्हा कागदोपत्री तो सुभेदारांचा वरिष्ठ होता. सॅल्यूट त्यालाच होता. पण तो त्यांना ‘साहेब’ म्हणायचा, आजही म्हणतो.

‘पहिल्या आठवड्यात मी एक पेट्रोलिंगचा रूट ठरवला. साहेब म्हणाले, “सर, बहुत बढिया. बस एक बार चलकर देख लें?” चालून बघितलं. नाला निघाला.’ चारचौघांत न खोडता चूक कशी दुरुस्त करावी, याचं आमच्याकडे दोन दिवसांचं वर्कशॉप असतं. रिसॉर्टवर!

ही नावं वाचून मराठी माणसाचे कान टवकारायलाच हवेत. हवालदार, नाईक, सुभेदार हे शब्द ब्रिटिशांच्याही आधीचे. शिवाजी महाराजांच्या घोडदळात पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमलेदारांवर एक हजारी आणि सगळ्यांच्या वर सरनोबत. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा ऑर्ग चार्ट, आणि तत्त्व तेच: थोड्या माणसांवर एक जबाबदार माणूस.

बंदुकीच्या मागची फौज

फौज म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बंदूक घेतलेला जवान येतो. पण त्याच्यामागे केवढी यंत्रणा असते, हे बघायला पुणेकरांना लांब जायला नको. खडकीला बॉम्बे सॅपर्स, म्हणजे पूल बांधणारे आणि सुरुंग काढणारे इंजिनिअर. दापोडीला मिलिटरी इंजिनिअरिंगचं कॉलेज. वानवडीला एएफएमसी, डॉक्टर घडवणारं. थोडं पुढे अहिल्यानगरला रणगाड्यांचं ट्रेनिंग आणि नाशिकजवळ देवळालीला तोफखान्याचं. शिवाय रेशन आणि वाहतूक बघणारे, दारूगोळा आणि सामान पुरवणारे, गाड्या-हत्यारं दुरुस्त करणारे, संपर्क यंत्रणा सांभाळणारे सिग्नल्सवाले. सियाचीनवर एप्रिल 1984 पासून आपली माणसं आहेत. तिथल्या एका जवानापर्यंत रॉकेल आणि गरम मोजे पोचवायला खाली किती हात लागत असतील, विचार करा.

आणि काम फक्त लढाईचं नाही. 2019 च्या पुरात सांगली-कोल्हापुरात लष्कर आणि नौदलाच्या बोटी आपण टीव्हीवर पाहिल्या. पण फौज अशी आपणहून गावात शिरत नाही. आधी मुलकी प्रशासनाने मदत मागावी लागते. लोकशाहीत हा नियम महत्त्वाचा. जनरल कितीही मोठा असला, तरी शेवटचा निर्णय निवडून आलेल्या सरकारचा.

सतरा खुर्च्या

आता सगळ्यात वरचा मजला. लष्कराच्या सात कमांड, त्यातली दक्षिण कमांड आपल्या पुण्यात, 1895 पासून. हवाई दलाच्याही सात, त्यातली मेंटेनन्स कमांड नागपूरला. नौदलाच्या तीन, त्यातली पश्चिम मुंबईत. एकूण सतरा, आणि प्रत्येक आपापल्या दलाची. एकाच सीमेवर लढायचं, पण लष्कराचं मुख्यालय एका शहरात, हवाई दलाचं दुसऱ्या. सेल्स आणि डिलिव्हरी वेगवेगळ्या बिल्डिंगमध्ये बसले की काय होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको!

1999 च्या कारगिल युद्धानंतर यावर गंभीरपणे विचार सुरू झाला. 2001 मध्ये अंदमान-निकोबारला तिन्ही दलांची पहिली संयुक्त कमांड झाली. 1 जानेवारी 2020 ला जनरल बिपिन रावत पहिले चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ झाले. एका भागातली तिन्ही दलं एकाच कमांडरच्या हाती द्यायची, ही ‘थिएटर कमांड’ची कल्पना तेव्हापासून जोरात चर्चेत आली. चीनने 2016 मध्येच आपल्या पाच थिएटर कमांड केल्या. आपल्याकडे त्यावर बराच खल झाला, कारण प्रत्येक दलाची गरज वेगळी. मोजकी विमानं कायमची वाटून टाकायची का, हा हवाई दलाचा प्रश्न अगदीच फालतू नाही.

बॅकअप

इथपर्यंत मला सगळं सॉलिड वाटत होतं. मी विचारलं, ‘पण प्रत्येक ठिकाणी एक नंबर दोन कशाला? सेक्शनला टूआयसी, कंपनीला टूआयसी, बटालियनला टूआयसी. कॉस्ट केवढी वाढते!’

दादा शेंगदाणे गोळा करत होता. म्हणाला, ‘कारण नंबर एक पडू शकतो.’

एवढंच. आत्या उठली आणि ताकाचं भांडं आणायला आत गेली. ताक टेबलावरच होतं.

ऑफिसात बॅकअप म्हणजे कोणी गोव्याला गेलं तर. त्यांच्याकडे बॅकअपचा अर्थ हा. म्हणूनच फौजेचं सगळंच उचलून ऑफिसात आणावं, असं मी म्हणणार नाही. तिथे ‘नाही’ म्हणायची सोय फारशी नाही. कंटाळा आला म्हणून पेपर टाकता येत नाहीत. आणि 2022 च्या अग्निपथ योजनेनंतर भरती होणारी पोरं चार वर्षांसाठी जातात, त्यातली जास्तीत जास्त पंचवीस टक्के पुढे कायम होतात. पलटण हेच घर, तर चार वर्षांत घर कसं होणार, असं मी विचारलं. दादा म्हणाला, ‘ते आमच्याच हातात आहे. पहिल्या दिवसापासून त्याला घरचा समजायचं.’ सरकारी नोकरीतला माणूस. याहून जास्त काही बोलला नाही.

एक जुना फॉर्म

एक गोष्ट मी दादाला त्या रात्री प्रथमच सांगितली. बारावीला असताना त्याचा एनडीएचा फॉर्म मी भरला होता, अक्षर माझं चांगलं म्हणून. मला तो भरता येत नव्हता. खडकवासल्याचं ते दार मुलींना 2022 मध्ये उघडलं, सुप्रीम कोर्टाने आदल्या वर्षी परीक्षेला बसू दिल्यावर. मे 2025 मध्ये पहिल्या सतरा मुली तिथून पास होऊन बाहेर पडल्या. ग्रॅज्युएशननंतर शॉर्ट सर्व्हिसची वाट मलाही होती, पण तोपर्यंत कॅम्पस प्लेसमेंट झालं होतं. खोटं कशाला बोलू?

दादा म्हणाला, ‘मग टेरिटोरियल आर्मी बघ.’ 1949 मध्ये सुरू झालेली ही फौज आपल्यासारख्यांसाठीच आहे. नोकरी-धंदा करणाऱ्या ग्रॅज्युएट लोकांनी 18 ते 42 या वयात अर्ज करायचा, लेखी परीक्षा, मुलाखत, मेडिकल, आणि निवड झाली तर नोकरी सांभाळून वर्षातून साधारण दोन महिने वर्दी. गरज पडली तर मात्र पूर्ण वेळ बोलावणं. धोनी याच फौजेत मानद लेफ्टनंट कर्नल आहे, हे क्रिकेटवाल्यांना ठाऊक असेलच.

सोमवारी ऑफिसात गेल्यावर मी दोन गोष्टी केल्या. अकरा जणांचे तीन गट पाडले, तीन सीनियर पोरांना म्हटलं, आपापल्या तिघा-चौघांबरोबर रोज चहा प्यायचा आणि त्यात कामाचं बोलायचं नाही. आणि सोलापूरला फोन लावला. वडिलांची तब्येत विचारली. तो आधी गडबडला, मग वीस मिनिटं बोलला. परत ये, असं मी म्हटलं नाही. आठ महिने उशीर झाला होता.

टेरिटोरियल आर्मीची जाहिरात मी बुकमार्क करून ठेवली आहे. मी तेहतीसची आहे, म्हणजे वेळ आहे. पाच किलोमीटर धावणं सुरू केलंय, सध्या दोनातच जीव जातो. आत्याला अजून काही सांगितलेलं नाही. ती आधीच एका फोनची वाट बघत असते.