सोयरिकीतील 'यादी' आणि वधूवरांचा पेच

सातारा-सांगलीकडे सोयरीक पक्की होते ती बैठकीतील 'यादी'ने. देणेघेणे, मानपान, मंडपखर्च हे सारे वडीलधारी मंडळी लिहून काढतात. वधूवरांचा पेच सुरू होतो तो येथेच. बोलावे तर वडिलांचा उपमर्द, न बोलावे तर मुलीच्या बापाला कर्ज. प्रतिसरकारने (1943-46) तत्कालीन सातारा जिल्ह्यात अल्पखर्चाचे 'गांधी-विवाह' लावून यावर काही काळ तोड काढली होती. 1961 च्या कायद्याने हुंडा निषिद्ध झाला. तेव्हा तोच अर्थ 'हौस' या निरुपद्रवी शब्दाने अंगावर घेतला. 'यादी पे शादी' या प्रकारात यादीच्याच दिवशी लग्न उरकते; खर्च वाचतो खरा, पण विचारास अवधीही उरत नाही. 1985 च्या नियमांनुसार भेटवस्तूंच्या यादीवर वधूवरांची सही लागते. बैठकीतील यादीवर ती कोणी मागत नाही.