बेहालात काम, पहाटे कोलकाता

मुंबईहून दोन दिवसांच्या कामासाठी बेहालाला निघालात, तर आधी सूर्याचा हिशेब करा. घड्याळ तेच, पण कोलकाता सुमारे साडेपंधरा अंश पूर्वेला. म्हणजे सूर्य तासभर आधी उगवतो, तासभर आधी मावळतो. डिसेंबरात पाचलाच अंधारू लागतं. 'काम आटोपून संध्याकाळी फिरू' हा बेत तिथेच फसतो.

फौजेत आम्ही आधी उजेड मोजायचो, मग हालचाल ठरवायचो. तुम्हीही पहाटे हावडा पुलाजवळचा मल्लिक घाटाचा फुलबाजार बघा आणि दहाला बैठकीला हजर व्हा. दुपारी सवड मिळाली, तर बेहालातच बडिशाला सावर्ण रायचौधुरींची आटचाला आहे. कोलकात्याची तीन गावं १६९८ साली इंग्रजांच्या हाती गेली, तो करार इथलाच मानतात. व्हिक्टोरिया मेमोरियलचं संग्रहालय सोमवारी बंद असतं, त्यामुळे काम सोमवारी-मंगळवारी असेल तर परतीचं तिकीट बुधवारचं काढा.