आयात कपड्यांचे वर्गीकरण

परदेशातून आलेल्या स्त्रियांच्या कपड्यावर किती सीमाशुल्क लागेल, हे आधी त्याचे कापड कसे तयार झाले यावर ठरते. जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या वर्गीकरणात होजिअरीच्या कपड्यांसाठी ६१वे प्रकरण आहे, मागावर विणलेल्या कापडाच्या कपड्यांसाठी ६२वे. भारताच्या १९७५ च्या सीमाशुल्क दर कायद्यातही हीच रचना आहे, त्यामुळे न्हावा शेवा बंदरात उतरलेला मालही असाच तपासला जातो.

स्त्रियांचा होजिअरीचा ब्लाउज ६१०६ या शीर्षकाखाली येतो, मागावरचा ६२०६ खाली. मात्र होजिअरीच्या ब्लाउजला कमरेखाली खिसा असला, की तो ६१०६ मधून बाहेर पडतो. विणही मोजतात: सेंटिमीटरला सरासरी दहापेक्षा कमी टाके असतील, तरीही तेच. कापड मिश्र असेल, तर सहसा वजनाने जास्त असलेला धागा ग्राह्य धरतात.

कपडा बाईचा की पुरुषाचा, हे समोर उघडणाऱ्या कपड्यात बटणपट्टी सांगते. उजवी बाजू डावीवर आली तर तो स्त्रियांचा, पण कापणीवरून वेगळे स्पष्ट दिसत असेल तर कापणीच निर्णायक. कशावरूनच ओळख पटली नाही, तर तो कपडा स्त्रियांच्याच शीर्षकात जातो. आयातदाराने हा नियम आवर्जून लक्षात ठेवावा.