अंगुलिमाल : नावाला जागलेला अहिंसक

‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ ही म्हण आपल्या तोंडात बसलेली आहे. एकदा बिघडलेला माणूस कायमचा बिघडला, असे आपण सहज बोलून जातो. तथागत भगवान बुद्धांचा धम्म मात्र ही म्हण मान्य करीत नाही. मन बदलू शकते आणि मन बदलले की माणूस बदलतो, या पायावर धम्म उभा आहे. याचा सर्वांत मोठा दाखला म्हणजे कोसल देशातील दरोडेखोर अंगुलिमाल.

त्याची कथा आपण लहानपणापासून विहारात ऐकत आलो आहोत. परंतु बहुतेक वेळा ती अंगुलिमालाने शस्त्र टाकले तेथे संपते. वास्तविक त्याची खरी परीक्षा तेथूनच सुरू होते. तो पुढे कसा जगला, हे विशेषतः विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे, यासाठी हा लेखनप्रपंच.

अहिंसकाचा अंगुलिमाल कसा झाला?

मज्झिम निकायातील ८६ वे सुत्त अंगुलिमालाविषयी आहे. थेरगाथेतही त्याच्या नावावर गाथा आहेत. सुत्तात त्याच्या वडिलांचे नाव गग्ग व आईचे नाव मंतानी एवढेच येते. बालपणाची हकिकत पुढील काळातील अट्ठकथेत आहे. तीनुसार तो कोसलराजाच्या पुरोहिताचा मुलगा. आईबापांनी नाव ठेवले अहिंसक. शिक्षणासाठी तो तक्षशिलेला गेला आणि हुशारीमुळे आचार्यांचा लाडका झाला. सहाध्यायांना ते पाहवले नाही. त्यांनी आचार्यांचे कान भरले. आचार्यांनी त्याचा काटा काढण्यासाठी गुरुदक्षिणा म्हणून हजार माणसे मारण्यास सांगितले. मोजणी चुकू नये म्हणून त्याने मेलेल्यांची बोटे माळेत ओवली आणि अंगुलिमाल झाला.

यात विद्यार्थ्यांसाठी मोठा धडा आहे. हा मुलगा अडाणी नव्हता. त्याने स्वतःची बुद्धी गुरूच्या पायाशी गहाण टाकली होती. केवळ गुरू सांगतो म्हणून मानू नका, हे भगवंतांनी कालामांना का सांगितले, ते येथे कळते.

थांबला कोण?

त्या रस्त्याने दहा, वीस, तीस, चाळीस माणसे जमाव करून गेली तरी सुटत नसत. गुराख्यांनी व शेतकऱ्यांनी भगवंतांना परोपरीने अडवले. भगवंत काही न बोलता पुढे गेले. अंगुलिमाल ढाल-तलवार व धनुष्य घेऊन मागे लागला. भगवंत नेहमीच्या चालीने चालत होते आणि हा जिवाच्या आकांताने धावत होता. तरी अंतर तुटेना. अखेर त्याने ओरडून थांबायला सांगितले. भगवंतांनी उत्तर दिले की मी तर थांबलेलो आहे, थांबायचे तुझेच बाकी आहे. प्राणिमात्रांवर दंड उगारणे आपण कायमचे सोडले आहे, हा त्याचा अर्थ. अंगुलिमालाने शस्त्रे कड्यावरून फेकून दिली आणि प्रव्रज्या मागितली.

इकडे राजा प्रसेनजित पाचशे घोडेस्वार घेऊन त्याला पकडायला निघाला होता. वाटेत तो जेतवनात आला. अंगुलिमाल शीलवान भिक्खू झालेला दिसला तर काय कराल, असे भगवंतांनी विचारले. राजा म्हणाला, वंदन करू, चीवर-भोजन देऊ. भगवंतांनी हात करून शेजारीच बसलेला अंगुलिमाल दाखवला, तेव्हा राजाच्या अंगावर काटा उभा राहिला. आपण दंडाने व शस्त्राने ज्याला वठणीवर आणू शकलो नाही, त्याला भगवंतांनी दंडाशिवाय व शस्त्राशिवाय वश केले, अशी कबुली राजाने दिली.

खरेपणाची कसोटी

पुढे श्रावस्तीत भिक्षाटन करताना अंगुलिमालाला बाळंतपणात अडलेली एक स्त्री दिसली. शेकडो जीव घेणारा तो माणूस एका जिवासाठी कळवळला. भगवंतांनी त्याला तिच्याकडे जाऊन सत्यवचन बोलण्यास सांगितले, की जन्मल्यापासून मी जाणूनबुजून कोणाचा जीव घेतलेला नाही. अंगुलिमालाने हरकत घेतली, की हे माझ्याकडून धडधडीत खोटे ठरेल. तेव्हा भगवंतांनी शब्द दुरुस्त केले : आर्य जन्म घेतल्यापासून, म्हणजे धम्मात आल्यापासून.

हा प्रसंग मला सर्वांत मोलाचा वाटतो. चांगल्या कामासाठीसुद्धा त्याने आपला भूतकाळ नाकारला नाही. बँकेत चुकीची नोंद झाली तर ती पुसून टाकता येत नाही. उलट नोंद करून ती दुरुस्त करावी लागते, आणि दोन्ही नोंदी कायम राहतात. अंगुलिमालाने आयुष्याची वही अशीच ठेवली.

पुढे तो अर्हत झाला. तरी लोक विसरले नव्हते. भिक्षेला गेला की कोणाचा दगड, कोणाची काठी, कोणाची खापरी त्याला लागे. एकदा तो फुटलेले डोके, फुटलेले पात्र व फाटलेले चीवर घेऊन परत आला. भगवंतांनी त्याला सांगितले, सहन कर. हे तुझ्याच कर्माचे फळ आहे. म्हणजे धम्मात आल्याने केलेल्या कृत्याची जबाबदारी संपत नाही. हात उचलण्याची ताकद असताना त्याने हात उचलला नाही, हाच त्याचा खरा विजय. थेरगाथेत तो सांगतो की पूर्वी हिंसक असूनही मी अहिंसक म्हणवला जात होतो, आज ते नाव खरे झाले.

लोकांची भीतीही भगवंतांनी दुर्लक्षिली नाही. अशा कुप्रसिद्ध दरोडेखोराला संघात घेतल्याबद्दल लोकांनी तक्रार केली, तेव्हा यापुढे अशांना प्रव्रज्या देऊ नये असा नियम झाल्याचे विनयपिटकातील महावग्ग सांगतो.

आज आपल्यासाठी

१९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात परमपूज्य बाबासाहेबांनी पतित व गुन्हेगारांच्या धम्मदीक्षेवर स्वतंत्र भाग घातला आणि त्यात अंगुलिमालाला स्थान दिले. १९७५ साली जयपूरच्या कारागृहात विपश्यना शिबिर झाले. एप्रिल १९९४ मध्ये तिहारमध्ये हजाराहून अधिक कैदी एका शिबिरात बसले. ब्रिटनमध्ये तुरुंगात धम्म पोहोचवणाऱ्या संस्थेने तर १९८५ साली अंगुलिमाल हेच नाव घेतले.

दुसरीकडे, इंग्रज सरकारने १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातली वसाहत आपल्या महाराष्ट्राने पाहिली. कायदा १९५२ साली रद्द झाला, परंतु शिक्का पुसला गेला नाही. माणूस जन्माने नव्हे, कर्माने ठरतो, हे सांगणाऱ्या धम्माचे आपण अनुयायी आहोत.

म्हणून प्रश्न आपल्याला आहे. शिक्षा भोगून आलेला एखादा तरुण उद्या वंदनेला विहारात येऊन बसला, तर आपण सतरंजीवर सरकून जागा देऊ, की कुजबुज करू? त्याने आपला भूतकाळ लपवू नये, आणि आपण तो रोज उगाळू नये. तो थांबला असेल, तर आपला दगडही थांबला पाहिजे.

भवतु सब्ब मंगलं! जय भीम!