मोजपट्टी ज्याची त्याची

"सगळे एकसारखेच वाटते!" हा शेरा जगातील बहुतेक कलांनी कधी ना कधी ऐकलेला आहे. बैठकीतून मध्येच उठलेल्या पाहुण्याने तो ख्यालाला दिला आहे आणि परीक्षेच्या आदल्या रात्री आमच्या विद्यार्थ्यांनी वृत्तांना. हल्ली तो घरोघरी तरुण मुलांच्या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताला मिळतो. खोलीचे दार बंद, आत 'धप्-धप्-धप्-धप्', आणि बाहेर वडीलधारी मंडळी कपाळाला हात लावून बसलेली!

गंमत अशी, की दाराच्या आतही हाच शेरा चालतो. आमची कन्या 'हाउस'ची भक्त आणि पुतण्या 'ड्रम अँड बेस'चा. "काका, ताईचं संगीत म्हणजे नुसतं शिवणाचं मशीन!" तो म्हणतो. "आणि तुझं म्हणजे जिन्यावरून गडगडणारी भांडी!" ती म्हणते. मी पडलो मराठीचा मास्तर. दोघांनाही एवढेच सांगतो, की शार्दूलविक्रीडिताच्या गणांनी ओवी मोजायला जाऊ नये.

हाउसमध्ये मिनिटाला साधारण १२० ते १३० ठोके, तेही सारख्या अंतराने. ठेका बदलत नाही, कारण तो नाचणाऱ्याच्या पायांखालची जमीन आहे. ऐकायचे ते त्यावर एकेक थर कसा चढतो आणि कसा उतरतो, ते. ड्रम अँड बेसमध्ये ठोके १७०च्या आसपास आणि मुद्दाम मोडलेले. वर ड्रमची धावपळ आणि खाली खर्ज मात्र निम्म्या चालीने डुलत असतो. त्या धावपळीचे एक मूळ १९६९ सालच्या 'अमेन, ब्रदर' या तबकडीतील ड्रमच्या अवघ्या काही सेकंदांच्या तुकड्यात आहे. तेवढाच तुकडा कापून, उलटसुलट जोडून शेकडो रचना झाल्या. डेट्रॉइट या मोटारींच्या शहरातून आलेला टेक्नो यंत्राच्या आवाजातच सौंदर्य शोधतो, तर ट्रान्स उत्कंठा ताणीत ताणीत नेऊन एकदम मोकळी करतो. प्रत्येकाची प्रतिज्ञा वेगळी, म्हणून परीक्षाही वेगळी.

हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न आहे, असे कोणी म्हणेल. त्याने शिकागोची हकीकत ऐकावी. १२ जुलै १९७९ रोजी तेथील कोमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानावर, दोन सामन्यांच्या मधल्या वेळात, डिस्कोच्या तबकड्यांची भली मोठी पेटी स्फोटाने उडवण्यात आली. हजारो प्रेक्षक मैदानात घुसले आणि दुसरा सामना होऊच शकला नाही. डिस्को न आवडणे हा काही गुन्हा नव्हे. पण प्रेक्षकांना जागा दाखवण्याचे काम करणाऱ्या व्हिन्स लॉरेन्स या कृष्णवर्णीय मुलाने पुढे सांगितले, की लोकांनी जाळायला आणलेल्या तबकड्यांत डिस्कोशी संबंध नसलेल्या कृष्णवर्णीय गायकांच्या तबकड्याही होत्या. सुरांचा तिटकारा माणसांपर्यंत जायला फार वेळ लागत नाही, तो असा.

त्याच शहरात 'वेअरहाउस' नावाच्या क्लबात १९७७ पासून फ्रँकी नकल्स डिस्कोच्या तबकड्या नव्या रीतीने जोडून वाजवीत असे. नाचायला येणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि समलिंगी तरुण; इतरत्र ज्यांचे स्वागत होत नसे, असे. क्लबाच्या नावातले शेपूट घेऊन 'हाउस' हे नाव रूढ झाले. आणि १९८४ साली जेसी साँडर्सबरोबर 'ऑन अँड ऑन' ही हाउसच्या अगदी पहिल्या तबकड्यांतली एक रचणारा कोण? तोच व्हिन्स लॉरेन्स!

आता आपल्या मुंबईचा दाखला. चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली यमन, मालकंस, भैरव असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवून एक तबकडी काढली. खर्जासाठी त्यांनी रोलंड कंपनीचे 'टीबी-३०३' हे यंत्र वापरले होते. रागदारीच्या पट्टीने मोजली तर ती तबकडी उथळ आणि डिस्कोच्या पट्टीने मोजली तर विचित्र. तिच्याकडे फारसे कोणी वळले नाही. पुढे १९८७ साली शिकागोच्या 'फ्यूचर' या मंडळींनी त्याच यंत्रातून 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' ही रचना काढली आणि 'अ‍ॅसिड हाउस'चा बोलबाला झाला. २०१० साली सिंग यांची तबकडी पुन्हा निघाली, तेव्हा ऐकणारे चकित झाले: हे तर मुंबईत पाच वर्षे आधीच वाजले होते! सुदैवाने ते कौतुक त्यांना पाहायला मिळाले. २०१५ साली ते वारले.

मोकळ्या मनाने सगळेच आवडले पाहिजे, असे माझे म्हणणे नाही. १७० ठोक्यांना मला आजही धाप लागते. पण या दिवाळीत चिरंजीवांच्या किंवा कन्येच्या शेजारी बसून एकदा विचारून पाहा, "यात ऐकायचं काय गं?" उत्तर ऐका, एक रचना पुरती ऐका, आणि मग नावडली तर खुशाल नावडू द्या. फराळाच्या ताटातल्या चकलीला, ती गोड नाही म्हणून, आपण कुठे नावे ठेवतो?